छाटणीचा पहिला काप

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. दादाचा गुडघा कुरकुरतो पण चालतो, मी आहे तशी आहे, आणि मांजर आम्हा दोघांपेक्षा तब्येतीनं बरं आहे. फोन करता आला असता हे मलाही कळतं. पण या घरात फोनला रेंज मिळते ती एकाच खिडकीत, आणि त्या खिडकीत दादाची खुर्ची असते. शिवाय हल्ली दोन वाक्यं झाली की तू म्हणतेस, "आत्या, तुझा आवाज तुटतोय गं." मला मात्र तुझा आवाज अगदी खणखणीत येत असतो. कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून लिहायला बसले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. इथून मागचं अंगण दिसतं, पाण्याची टाकी दिसते, आणि टाकीजवळचं तुझं झाड दिसतं. यंदा ते पहिल्यांदाच फुललंय. त्याच्याबद्दलच सांगायचंय, पण मला सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. जरा दम धर.

तुला खारूताई नाव कसं पडलं, आठवतं का? वहिनी गेल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. तू नाशपाती खायचीस आणि बिया थुंकायच्या सोडून गालात धरून ठेवायचीस. मग त्या फ्रॉकच्या खिशात जायच्या. एकदा तुझा फ्रॉक धुवायचा राहून गेला, ओला तसाच टोपलीत पडून होता, आणि आठवड्यानं बघते तर खिशातून पांढरं मूळ डोकावतंय. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत कान तुटलेल्या कपांची रांग लागली. त्यातलं एक रोप जगलं, वाढलं, आणि तू शाळेच्या वरच्या वर्गात गेलीस तेव्हा त्याला फळ धरलं. सुपारीएवढं, कडक, तोंड वाकडं करणारं. तू केवढी रडलीस. म्हणालीस, ही आपली नाशपाती नाहीच, कुणीतरी बदलली. मग मी तुला समजावलं, की बी म्हणजे नवं मूल, ते आईसारखं निघेल असं कुणी सांगावं. कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. आपल्या बागेतली सगळी झाडं म्हणजे खरं तर एकच झाड आहे, जागोजागी उभं राहिलेलं. तू नाक पुसत विचारलंस, मग बीमध्ये काय आहे ते आधीच कळायला नको का? दादा हसून म्हणाला, कळलं तर बरंच, पण मला माझ्या मुलीचंसुद्धा कळत नाही, नाशपातीचं काय घेऊन बसलीस.

आणि तू नेमकं तेच शिकायला गेलीस. संशोधन केंद्रात लागल्यावर पहिल्यांदा घरी आलीस, तेव्हा याच टेबलावर तू मला सगळं सांगितलं होतंस. रोपाला दोन पानं फुटली की त्यातला नखाएवढा तुकडा घ्यायचा, यंत्रात घालायचा, आणि त्याची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून काढायची. फळ गोड येणार की आंबट, झाड उंच जाणार की ठेंगणं राहणार, करप्याचा रोग त्याला धरणार की नाही, सगळं फळाआधी, फुलाआधी. मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात बघत होते आणि तू बोटानं चुका दाखवत होतीस, पुस्तक जुनं होतं म्हणून. माझा जन्म झाडाला फळ येईपर्यंत वाट बघण्यात गेला, आणि तू ते दोन पानांवर आणून ठेवलंस. मी विचारलं, ट्रेमधली बाकीची रोपं कुठे जातात? तू म्हणालीस, खतात. मला जरा वाईट वाटलं. दादा म्हणाला, नशीब माणसांना असलं यंत्र लावत नाहीत, नाहीतर आम्ही भाऊबहीण कधीच खतात गेलो असतो.

मग तो हिवाळा. तू रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी दारात उभी. गारठ्यानं नाक लाल झालेलं, हातात जेवणाचा डबा. दादाला वाटलं, केंद्रातलं काहीतरी गोडधोड आणलंस. तू डबा उघडलास तर आत ओल्या रुमालात गुंडाळलेल्या काड्या. पेन्सिलीएवढ्या, तांबूस, फुटव्याचे डोळे टपोरे. तू म्हणालीस, बाबा, हे झाड करप्याला भीक घालत नाही. आम्ही मुद्दाम रोग टोचून बघितला, पानसुद्धा वाळलं नाही. हजारो रोपांतून हे एक निघालंय, माझ्या हातचं. ते जगात जायला अजून वेळ आहे, पण तुमच्या बागेत आधी असावं असं मला वाटलं. मी आपलं विचारलं, असं बाहेर आणायला चालतं का गं? तू हसून म्हणालीस, एक मूठ काड्या त्या काय, आत्या. नियम असा आहे की दोन हंगाम वेगळ्या ठेवून बघायच्या असतात, पण मी रोज बघतेच आहे की त्या झाडाकडे. आणि काड्या कुणाला देऊ नका, एवढंच.

दादाचा तो चेहरा मी विसरणार नाही. वहिनी गेल्यापासून मी त्याला इतकं खुशीत बघितलं नव्हतं. टाकीजवळचं आपोआप उगवलेलं रानटी झाड त्यानं छाटून बोडकं केलं आणि त्याच्यावर तुझ्या काड्या बांधल्या. मला हातसुद्धा लावू दिला नाही. कलमं आयुष्यभर मी बांधली, आणि त्या दिवशी मी नुसती दोरा धरून उभी. तीन काड्या उरल्या होत्या. टाकवेनात, म्हणून मी त्या मागच्या शेडमध्ये पिशवीतल्या साध्या रोपांवर चढवल्या. त्या तीन रोपांचं तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं तेव्हा.

आता आमच्या आबांची, तुझ्या आजोबांची, रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तिच्यावरच सगळं येऊन ठेपलंय. छाटणीच्या दिवसांत रोज सकाळी पहिला काप घरच्या झाडावर घ्यायचा, आणि त्या दिवशी कात्री पुसायची नाही. घरच्या झाडाचा चीक पात्याला लागलेला असतो, तोच पुढे दिवसभर सगळ्या झाडांना लागतो. आबा म्हणायचे, आपल्या झाडाचा हात त्यांच्या डोक्यावरून फिरला पाहिजे. पूर्वी हा मान फाटकाजवळच्या म्हाताऱ्या झाडाचा होता. तुझी काडी धरल्यावर दादानं तो टाकीजवळच्या झाडाला दिला. दोन हिवाळे रोज सकाळी चहा झाला की तो कात्री घेऊन तुझ्या झाडापाशी जायचा, एक डहाळी अशी हळूच, लाड केल्यासारखी कापायचा, आणि मग बाहेर पडायचा. तुला माहीत आहे, आसपासच्या सगळ्या बागांना छाटणीला दादाच लागतो. त्याचा हात लागला की झाड सुधारतं असं लोक म्हणतात. त्यानं तुझा शब्द पाळला हो. येऊन येऊन लोकांनी काड्या मागितल्या, कुणाला एक दिली नाही.

गेल्या वसंतात पहिल्यांदा मधवाल्याच्या बागेत दिसलं. आपल्या कुंपणापलीकडचा, तोच तो, माझ्या हातात वाचनालयाचं पुस्तक बघितलं की "काय मास्तरीणबाई, आज कुठला धडा?" म्हणणारा. फुलं येऊन गेल्यावर त्याच्या चार-दोन झाडांचे शेंडे असे काळे पडून वाकले, जणू कुणी खालून मशाल धरली. आम्ही म्हटलं, थंडीचा फटका असेल. मग पावसानंतर बघितलं तर खोडावर मधाच्या रंगाचे थेंब. मधवाला बोट लावून म्हणाला, ही झाडं तर माझ्या माश्यांची नक्कल करायला लागली. आम्ही हसलो. उन्हाळा संपेस्तोवर त्याची निम्मी बाग उभी जळल्यासारखी झाली होती. पानं काळी, आणि गळतसुद्धा नाहीत. मेलेली पानं झाडानं धरून ठेवलेली, वारा आला की कागदासारखी वाजतात. मग ओढ्यापलीकडची बाग. मग शाळेमागची. मग आपली.

आपली बाग गेली तो आठवडा मी तुला फोनवर फार सांगितलं नाही. ज्या झाडांच्या ओळींतून तू पळालीस, त्या सगळ्या दादानं स्वतः करवत चालवून आडव्या केल्या. जाळावं लागतं, तसंच ठेवून चालत नाही. कितीतरी दिवस घरात धुराचा वास होता, चादरींना, केसांना, दुधालासुद्धा. आणि त्या काळ्या जमिनीच्या मधोमध टाकीजवळचं तुझं झाड उभं. हिरवं. असं हिरवं, की बघून डोळ्यांना बरं वाटायच्या ऐवजी अंगावर काटा यावा. लोक बघायला यायचे. कुंपणापाशी उभे राहून हळू आवाजात बोलायचे. मधवाला म्हणाला, दादा, तुमच्या पोरीनं काहीतरी देवाघरचंच आणलंय. दादाचे डोळे भरून आले. त्यानं सगळी बाग घालवली होती, आणि तरी त्या दिवशी त्याची मान ताठ होती. मीही मान ताठ केली, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर रोगतपासणी खात्याच्या बाई आल्या. तुझ्याच वयाच्या, बारक्या अंगाच्या, रबरी बूट. फाटकातून आत यायच्या आधी त्यांनी औषध घातलेल्या निळ्या पाण्याच्या बादलीत बूट बुडवले, आणि जातानाही बुडवले. दादा म्हणाला, आमच्याकडे जावईसुद्धा इतके पाय धुऊन आला नसता. त्या हसल्या, पण बूट नीट घासूनच आत आल्या. सगळीकडून मेलेल्या फांद्यांचे तुकडे घेऊन गेल्या. टाकीजवळच्या झाडाकडे बघून विचारलं, हे कोणतं? दादा म्हणाला, रानटी आहे, आपोआप उगवलेलं, त्याला काय होतंय. बाईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. खोड रानटीच आहे ना, म्हणून तोंडातून निघून गेलं, असं दादा नंतर मला म्हणाला. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

बाई परत आल्या त्या मागच्या महिन्यात. याच टेबलाशी बसून चहा घेतला आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. झाडाची अक्षरं असतात तशी रोगाच्या जंतूचीही असतात. जंतू एकाचे दोन होताना स्वतःची नक्कल करतो, आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. वर्गात एकीचं बघून दुसरी लिहिते तेव्हा चुकाही तशाच उतरतात, आणि मग कोण कुणाच्या मागे बसली होती हे शिकवणाऱ्या बाईंना कळतं, तसंच. त्यांनी बागाबागांतले जंतू वाचून कोण कुणाच्या मागे बसलं होतं ते लावलं होतं. त्यांना वाटलं होतं, मधमाश्यांनी नेलं असेल, वाऱ्यापावसानं नेलं असेल. ते तर नेतातच. पण मोठ्या उड्या वेगळ्याच होत्या. मधवाल्याकडून ओढ्यापलीकडे नाही, ओढ्यापलीकडून शाळेमागे नाही. सगळ्या वाटा वेगवेगळ्या निघत होत्या, आणि मागे मागे गेलं की सगळ्या आपल्या फाटकातून आत येत होत्या. बाईंनी मान खाली घालूनच विचारलं, तुमच्याकडून या बागांत काही जातं का? रोपं, काड्या, माणसं?

मी दादाच्या हातांकडे बघत होते. कात्री धरून धरून अंगठ्याला घट्टा पडलेला, तो तिथेच बोट फिरवत होता. मग त्यानं स्वतःच सांगितलं, कात्री जाते. बाईंनी त्याला दोष दिला नाही गं. म्हणाल्या, काका, कात्री नुसती वाहून नेते. तिला कुठून तरी लागायला हवं. तुमच्या बागेतलं सगळ्यात आधी आजारी पडलेलं झाड कोणतं, ते मिळालं की वाट पुरी होईल. तुमच्या जळलेल्या झाडांतल्या एकाचंही दुखणं तेवढं जुनं निघत नाहीये. कुठलं तरी झाड आमच्याकडून राहिलंय. दादा म्हणाला, आजारी होती ती सगळी झाडं दिली तुम्हाला. आणि ते खरंच होतं. आजारी होती ती सगळी दिली होती.

बाई गेल्यावर मी मागच्या शेडमध्ये गेले. का गेले सांगता येणार नाही, हात धुवायला म्हणून गेले असेन. ती तीन रोपं कोपऱ्यात पिशव्यांमागे होती, मी कित्येक महिन्यांत नीट बघितली नव्हती. वर तुझी काडी, तजेलदार, नवी पालवी फुटलेली. आणि बांधलेल्या दोऱ्याच्या खाली साधं रोप, टाकीजवळच्या रानटी खोडाइतकं चिवट नसलेलं, काळं. तिन्ही तशीच. वरचं हिरवं आणि खालचं जळालेलं. त्यांच्या जवळपास कात्री कधी गेली नव्हती, मधमाशी गेली नव्हती, शेडला जाळी आहे. मी बोटानं साल खरवडली तर मधाच्या रंगाचा थेंब आला. मी खाली बसले, खारूताई. तुझं झाड खोटं नाही गं. तू वाचलंस ते बरोबरच होतं, करपा त्याचं काही बिघडवू शकत नाही. तो नुसता त्याच्यात राहतो. आरामात राहतो, भाडेकरूसारखा, आणि रात्रंदिवस दुसरीकडे घर शोधत असतो. तुम्ही त्या झाडाची अक्षरं वाचलीत. त्याच्या आत आणखी कुणी लिहीत बसलंय का, हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी तर त्याला रोज पाणी घालत होते.

दादाला सांगितलं तर तो इतका शांतपणे बोलला, की ओरडला असता तर परवडलं असतं. म्हणाला, माझी बाग गेली, लोकांच्या बागा माझ्या हातानं गेल्या, ते मी सोसतोय. पण माझ्या मुलीच्या नावावर राख घालायची नाही. ती तीन रोपं त्यानं उचलली, जाळली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवतो, ताट उचलून ठेवतो, मांजराशी बोलतो. माझ्यासाठी काही निरोप असेल तर मांजराला सांगतो, सांग तुझ्या आत्याला, दूध उतू जातंय. परवा मला हसू आलं आणि त्यालाही येता येता राहिलं.

आता तुझे फोन. तू हल्ली फोन केलास की बाबांच्या गुडघ्याच्या आधी विचारतेस, टाकीजवळच्या झाडाला काही झालं नाही ना. मी म्हणते, काही नाही, छान हिरवं आहे. मला वाटायचं, हे ऐकून तुला बरं वाटत असेल. पण दर वेळी तू गप्प होतेस. मग एकदा विचारलंस, त्याच्या शेजारची झाडं कशी आहेत. मी म्हटलं, गेली. आणि लगेच माझा आवाज तुटायला लागला. मागच्या फोनवर तू सांगितलंस की तुझ्या झाडाला परवानगी मिळाली, हजारो रोपं तयार आहेत, पुढच्या सोमवारी केंद्रातून ट्रक भरून निघणार, कुठेकुठे जाणार त्या गावांची नावंही सांगितलीस. एवढी मोठी बातमी, आणि सांगताना तू एखाद्याच्या आजारपणाबद्दल बोलावं तशी बोलत होतीस. दादानं फोन ठेवल्यावर डोळे पुसले, आनंदानं. मी स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिले. तुला काय कळलंय, कधी कळलं, हे मी विचारणार नाही. त्या डब्यात तू आणलंस ते बाबांवरच्या मायेनं आणलंस, हे मला ठाऊक आहे. पण ती काडी जिथून तोडलीस ते मूळ झाड तुमच्या केंद्रातच उभं आहे ना गं? आणि ती हजारो रोपं त्याच्याच काड्यांची ना? एकच झाड, जागोजागी उभं राहणार. माझंच वाक्य आहे ते, लहानपणी तुला शिकवलेलं. हल्ली ते माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून हे पत्र. काल दादा गुडघ्याला शेक द्यायला दवाखान्यात गेला होता, तेव्हा मी टाकीजवळच्या झाडाची एक डहाळी कापली, पिशवीत बंद केली, आणि बाईंना बोलावून त्यांच्या हातात दिली. कात्री निळ्या पाण्यात बुडवली, आयुष्यात पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, जंतू तर वाचूच, पण झाडही वाचू, म्हणजे रानटी आहे की आणखी कुठलं ते नक्की कळेल. तुमच्या त्या यंत्रापुढे दादाचं 'रानटी आहे' म्हणणं किती टिकणार. गुरुवारी त्या खोडाचे तुकडे घ्यायला पुन्हा येणार आहेत, आणि तेव्हा मला विचारतील, ही काडी कुठून आली. काल विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. गुरुवारी विचारतील आणि मी सांगेन. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यानंतरच्या सोमवारी ट्रक निघणार हे माहीत असताना येणार नाही. हे पत्र तुला मंगळवारी मिळावं म्हणून कुरियरवाल्याच्या दुकानात स्वतः नेऊन देणार आहे. मंगळवार ते गुरुवार हा वेळ तुझा. तुझ्या साहेबांच्या खोलीत जा आणि स्वतःच्या तोंडानं सांग. त्यांना ते यंत्राकडून कळू नये, माझ्याकडूनही नाही, तुझ्याकडून कळावं. नोकरी जाईल कदाचित. नाव खराब होईल. त्यानंतर घरी ये, इथे कान तुटलेले कप अजून आहेत.

झाड मी तोडलं नाही. बाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत हलवू नका, करवत लावली तर थेंब उडतील. पण ते फुललंय, आणि मधवाल्याच्या माश्या सकाळपासून घिरट्या घालतायत. म्हणून मी तुझ्या लहानपणीची मच्छरदाणी काढली आणि शिडी लावून झाडावर घालायला गेले. एक टोक अडकलं, दुसरं वाऱ्यानं उडतंय, माझा हात पुरेना. तेवढ्यात दुसरं टोक कुणीतरी धरलं. दादा होता. काही बोलला नाही, मांजराशीही नाही. खालून दोरी घट्ट बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि आत गेला. आता लिहिताना समोर दिसतंय, पांढऱ्या जाळीत पांढरी फुलं, आजारी माणसाच्या खाटेसारखं. माश्या जाळीवर उतरतायत, चालून बघतायत, एकेक चौकोन तपासतायत. ही मच्छरदाणी जुनी आहे, खारूताई. झोप येत नसली की तू तिच्यात बोटं घालून भोकं पाडायचीस. मी सगळी शोधून शिवली आहेत, उजेडासमोर धरून, पुन्हा पुन्हा बघून. पण तू किती पाडली होतीस, हे मला कधीच नीट कळलं नव्हतं.

खिडकीतून नजर न काढता,
तुझीच,
आत्या